धर्मशिक्षणाचा वर्ग म्हणजे ट्यूशन नव्हे

संपादक महोदय,

सुट्टीतल्या संस्कारवर्गांवर आपल्या पत्रसदरात चर्चा चालू आहे. ‘लहान मुलांना धर्म शिकवणं ही पोपटपंची आहे, मोठी झाली की त्यांची ती ठरवतील,’ असं एका वाचकांनी लिहिलं आहे. मी कॅथलिक आहे, निवृत्त प्राथमिक शिक्षिका आहे आणि रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, संपला की आमच्या चर्चमध्ये मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेते. म्हणून हे पत्र. त्यातलं निम्मं आमच्याच पालकांसाठी आहे.

पाठांतर आमच्याकडे आहेच. दहा आज्ञा, बाप्तिस्म्यासारखे चर्चचे सात संस्कार, ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ ही प्रार्थना मी तिसरी-चौथीतल्या मुलांकडून घोकून घेते. ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या माणसाच्या तोंडी पाठ असलेली प्रार्थनाच येते, हे मी पाहिलं आहे. पण तिथे थांबायचं नसतं. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९७९ मध्ये धर्मशिक्षणावर लिहिलं, त्यात हेतू स्वच्छ सांगितला आहे: येशूची नुसती ओळख पुरत नाही, त्याच्याशी जिव्हाळ्याचं नातं जुळायला हवं.

हे वर्गात कसं घडतं? पहिल्या कम्युनियनआधी, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याआधी, मुलं पहिल्यांदा पापनिवेदन करतात, आपल्या चुका फादरना सांगून देवाची क्षमा मागतात. त्या तयारीत एका मुलीने मला विचारलं, “टीचर, मी आमच्या वॉचमनकाकांना खूप वाईट बोलले होते. सॉरी आधी त्यांना म्हणायचं की फादरना?” त्या दिवशीचा ठरलेला धडा मी बाजूला ठेवला. बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय काढला. येशू सांगतो, वेदीपाशी अर्पण आणल्यावर आठवलं की भावाच्या मनात आपल्याविषयी राग आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये. मुलांनी मग मला सोडलंच नाही. भाऊ म्हणजे वॉचमनकाकाही का? त्यांनी माफ केलं नाही तर? चूक त्यांचीही असेल तर? याला पोपटपंची म्हणता येत नाही. मुलीने स्वतःच्या वागण्याकडे पाहिलं आणि तिला कुणाची तरी माफी मागावीशी वाटली, धर्मशिक्षणाने याहून वेगळं काय करायचं असतं?

मोठेपणी मुलं ठरवतील हे खरंच आहे. बाप्तिस्म्याच्या वेळी आईवडिलांनी तान्ह्या बाळाच्या वतीने दिलेली वचनं दृढीकरण संस्कारात मुलं स्वतःच्या तोंडाने देतात. पण ज्याच्याशी गाठच घालून दिली नाही, त्याला स्वीकारायचं की नाही हे ती कशावरून ठरवणार?

आता पालकांविषयी, आणि इथे मला खरं दुःख आहे. मुलाला गेटपाशी सोडायचं, तासाभराने न्यायचं, मधल्या वेळात गाडीवर बसून मोबाइल पाहायचा. ‘कम्युनियनची तारीख कधी?’ एवढाच प्रश्न. कम्युनियन झालं की मूल दिसेनासं होतं, ते दृढीकरणाचे वर्ग लागले की उगवतं. वास्तविक १९१० मध्ये पोप दहावे पायस यांनी कम्युनियनचं वय साधारण सात वर्षांवर आणलं, तेव्हा मुलाकडून फार ज्ञानाची अपेक्षा ठेवली नव्हती. ही भाकर रोजच्या भाकरीहून वेगळी आहे एवढं त्याला कळावं, बाकीचं त्याने पुढे हळूहळू शिकत राहावं. हे ‘पुढे शिकत राहणं’च आपण गाळून टाकलं. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, १९६५ मध्ये आईवडिलांना मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक म्हटलं आहे. आम्ही तासाभराचे मदतनीस.

पुण्यात याला आणखी एक गाठ बसली आहे. आमच्यातली कितीतरी घरं श्रीरामपूर, राहुरी, संगमनेरकडून आलेली. आजी जपमाळ मराठीत म्हणते. नातू इंग्रजी शाळेतला, प्रार्थनाही इंग्रजीतच शिकतो. संध्याकाळी एकाच खोलीत बसून दोघांना एक प्रार्थना म्हणता येत नाही. घरच्या भाषेची ही गरज जुनीच आहे. फादर स्टीफन्स हे मूळचे इंग्रज धर्मगुरू. त्यांनी गोव्यात मराठी ओव्यांमध्ये येशूची कथा सांगणारं ख्रिस्तपुराण रचलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. त्याच्या आरंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रींना म्हणतो की शिकवण मिळते, पण जुन्या पुराणांच्या जागी वाचायला आम्हाला काही द्या. वर्गातली शिकवण घरी पोचायला हवी, हे त्या माणसाला तेव्हा कळलं होतं.

म्हणून पुण्यातल्या ज्या चर्चमध्ये मराठी मिस्सा होतो, तिथल्या फादरना माझी विनंती आहे की धर्मशिक्षणाचा निदान एक वर्ग मराठीतून चालवावा आणि शेवटची पंधरा मिनिटं आईवडील, आजी-आजोबांना मुलांशेजारी बसवावं. शिकवायला माणूस कमी पडत असेल तर मी आणि माझ्यासारख्या निवृत्त शिक्षिका यायला तयार आहोत.

आपली,
एक धर्मशिक्षिका, वडगाव शेरी, पुणे