नाव न लिहिता मानलेले आभार

प्रिय सहकारी,

तुमचं नाव आणि गाव लिहीत नाही. तुम्ही अजून तिथेच, लढाईच्या भागात आहात, एवढं कारण पुरे.

कुपोषणाचं सर्वेक्षण कागदावर सोपं दिसतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या डाव्या दंडाला, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्ये पट्टी लावायची. घेर 115 मिलिमीटरच्या खाली भरला तर लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. 115 ते 125 पिवळा, त्यावर हिरवा. लाल आलं की उपचार आणि पोषक आहाराची पाकिटं मिळतात, हे छावणीत सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणूनच त्या आईने हलक्या आवाजात तुम्हाला पट्टी जरा आवळायला सांगितली. पोर 117 वर होतं. तुम्ही पट्टी सोडली, कातडीला नुसती टेकेल अशी पुन्हा लावली आणि 117 च लिहिलंत. मग वही बाजूला ठेवून पूरक आहाराच्या केंद्रावर कधी जायचं ते तिला नीट समजावलंत, चिठ्ठी दिलीत. एकदा आकडे फुगवले की पुढे खऱ्या आकड्यांवरही कुणी विश्वास ठेवत नाही, असं नंतर गाडीत सहज बोलून गेलात.

संमती तोंडीच घ्यायची, हाही आग्रह तुमचाच. सह्यांचे कागद तपासणी नाक्यावर सापडले तर त्या घरांचं काही खरं नाही, हे आमच्या नियमावलीत कुठे होतं? नाका जवळ आला की काचा खाली, अंधार असेल तर आतला दिवा चालू, मोबाइल कुणाच्या हातात नको. आम्ही निमूट ऐकायचो.

19 ऑगस्ट 2003 ला बगदादमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या कार्यालयावर हल्ला होऊन 22 जण गेले. त्या तारखेला आता जागतिक मानवतावादी दिन पाळतात. व्यासपीठावर बहुधा आमच्यासारखे बाहेरून गेलेलेच असतात. मारल्या जाणाऱ्या मदत कर्मचाऱ्यांत मात्र बहुसंख्य स्थानिक. लढाई जवळ सरकली तेव्हाही विमानात आम्हालाच बसवलं. तुम्ही मागे राहिलात आणि उरलेल्या वस्त्यांची मापं पूर्ण करून पाठवलीत! विम्याबद्दल बोलायला लागले तर पत्र आवरणार नाही.

अहवालात तुम्ही फक्त ‘स्थानिक सहकारी’ आहात. तुमच्या सुरक्षेसाठी ते ठीक. पण पुढच्या सर्वेक्षणाचा आराखडा ठरवताना पहिल्या बैठकीपासून तुम्हाला घ्यावं, असं मी लेखी मागितलं आहे. उत्तर आलं की कळवते.

तुमची ऋणी,
एक सहकारी