गणपतीच्या वर टांगायची फळांची माटोळी बांधता बांधता फोनवर थांबलेल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

गेल्या चवथीपासून, म्हणजे गणेशचतुर्थीपासून, हे पत्र मनात आहे. तेव्हा व्हॉट्सॲपवर ‘थँक्यू ताई’ एवढंच लिहिलं होतं आणि ते पुरेसं नाही हे मला त्याच क्षणी कळत होतं. नाव लिहू नकोस असं तुम्ही बजावलंत, म्हणून लिहीत नाही. पण पत्र उघड लिहितोय. वेर्ण्यात, कुंडईत, आपल्या गोव्यातल्या सगळ्याच औद्योगिक वसाहतींत माझ्यासारखी मुलं एकेकटी अख्ख्या कंपनीचे सर्व्हर सांभाळतात आणि सणाच्या आदल्या संध्याकाळी फोन करायला प्रत्येकाला तुमच्यासारखी ताई असतेच असं नाही. त्यांच्या हाती हे लागावं.

आमचा औषधांचा कारखाना. कुठल्या बॅचचं उत्पादन किती आलं, साठवलेल्या नमुन्यांचं काय झालं, हे सगळे आलेख आमची माणसं स्पॉटफायर या सॉफ्टवेअरवर बघतात. सगळा भार एकाच मशीनवर होता. सकाळच्या मीटिंगला वीस-पंचवीस जण एकदम आलेख उघडायचे, वेब प्लेयर (ब्राउझरमध्ये आलेख उघडून देणारा भाग) गळपटायचा, स्क्रीनवर ‘एक्झॉस्टेड’ असं दिसायचं आणि माझा फोन वाजायला लागायचा. म्हणून दोन नवे नोड (भार वाटून घेणारी आणखी मशीन) जोडायचं ठरलं. चवथीला कारखाना बंद, तेव्हा काम उरकायचं. मदतीला येणारा ठेकेदार ऐन वेळी येऊ शकला नाही. तयेच्या दिवशी, म्हणजे चवथीच्या आदल्या दिवशी, सकाळी फोंड्याहून बोरीच्या पुलावरून वेर्ण्याला निघालो तेव्हा आईला सांगून आलो होतो, चारपर्यंत येतो.

साडेसात वाजले तरी मी तिथेच होतो. नव्या मशीनवर नोड मॅनेजर (मशीनला सर्व्हरशी जोडणारा प्रोग्रॅम) टाकला होता, सर्व्हिस सुरू होती, पण सर्व्हरच्या ‘नोड्स अँड सर्व्हिसेस’ पानावर ‘अनट्रस्टेड नोड्स’ची, म्हणजे अजून आत न घेतलेल्या मशीनची, यादी रिकामीच. तीन वेळा काढून पुन्हा टाकला. माझ्या बहिणीने तुमचा नंबर दिला. तुम्ही पुण्याहून डिचोलीला घरी आलेल्या आणि आपण एकदाच, तिच्या लग्नात भेटलेलो. एवढ्या ओळखीवर मी फोन केला.

मागून आवाज येत होते. कुणीतरी केवणीची दोरी मागत होतं, कुणी सुपारीचं शिपटं (घड) वर धरून ‘इथे की तिथे’ विचारत होतं. तुम्ही म्हणालात, ‘स्पीकरवर टाकते रे, हात माटोळीला आहेत. सांग.’ मी सांगितलं. तुमचं पहिलं वाक्य मला अजून आठवतं: ‘चौथ्यांदा टाकू नकोस. टाकण्यात चूक नाहीये, वाटेत आहे.’

मग नव्या मशीनवरून सर्व्हरच्या ९०८० पोर्टवर (पोर्ट म्हणजे मशीनचं क्रमांकाचं दार) हाक मारून बघायला सांगितलंत. हाक पोचत नव्हती. मी फायरवॉलवर, म्हणजे नेटवर्कच्या पहाऱ्यावर, ९४४३ उघडला होता, वेब प्लेयरसाठी ९५०१ उघडला होता, पण ९०८० लिहायचा राहिला होता. नवा नोड आधी ९०८० वर जाऊन ‘मला आत घ्या’ अशी विनंती करतो. ती मान्य झाली की पुढचं सगळं बोलणं ९४४३ वर, एन्क्रिप्ट होऊन चालतं. माझ्या नोडला विनंतीच करता येत नव्हती. पोर्ट उघडला आणि मिनिटाभरात त्याचं नाव यादीत आलं.

मी लगेच ‘ट्रस्ट’ दाबणार होतो. तुम्ही थांबवलंत. ‘नाव वाच. मोठ्याने. हे तूच उभं केलेलं मशीन आहे ना?’ वाचलं. मग तुम्ही समजावलंत की त्या नेटवर्कवरचं कुठलंही मशीन अशी विनंती पाठवू शकतं. सर्व्हर तिला आपणहून हो म्हणत नाही, हो म्हणायला माणूस लागतो. एकदा हो म्हटलं की सर्व्हर त्या मशीनला प्रमाणपत्र देतो आणि तिथून पुढे ते आपल्या घरचं. ताई, त्याआधी मी ते बटण ‘नेक्स्ट, नेक्स्ट’ म्हणतो त्याच हाताने दाबत आलो होतो. आता दर वेळी नाव मोठ्याने वाचतो. ऑफिसात दुसरं कुणी नसलं तरी.

ट्रस्ट केलं. नोड यादीत आला, पण ऑफलाइन. पाच मिनिटं, दहा मिनिटं, ऑफलाइनच. लॉगमध्ये (मशीन आपल्या कामाच्या नोंदी लिहितं त्या फाईलमध्ये) काय म्हणतोय, असं तुम्ही विचारलंत आणि मी म्हणालो, काहीच नाही, सात-आठच्या सुमाराच्या ओळीच नाहीत. तुम्ही थोडा वेळ गप्प राहिलात. कुणीतरी शिडी सरकवल्याचा आवाज आला. मग विचारलंत, ‘शेवटच्या ओळीवर वेळ काय आहे?’

दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं.

‘आणि तुझ्या जुन्या सर्व्हरवर आत्ता किती वाजलेत?’

आठ चाळीस. दोन्ही स्क्रीन माझ्यासमोर शेजारी शेजारी होत्या. दिवसभर मी त्यांच्याकडे बघत होतो आणि कोपऱ्यातलं घड्याळ एकदाही वाचलं नव्हतं. बरोबर साडेपाच तासांचा फरक. ‘साडेपाच’ म्हटल्याबरोबर तुम्ही ओळखलंत: खालचा हायपरव्हायझर (ज्याच्यावर ही आभासी मशीन चालतात तो प्रोग्रॅम) यूटीसी वेळ, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ, देत होता आणि विंडोज तीच भारतीय वेळ समजून चाललं होतं. सर्व्हरने आत्ता दिलेलं प्रमाणपत्र त्या नोडच्या हिशेबाने साडेपाच तासांनी लागू होणार होतं, म्हणून तो ते घेतच नव्हता. ओळी लॉगमध्ये होत्या, पण तीनच्या पुढे. मी त्या आठच्या आसपास शोधत होतो. दोन्ही मशीनची वेळ डोमेनशी, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कच्या घड्याळाशी, जुळवली, नोड मॅनेजर पुन्हा सुरू केला आणि तो ऑनलाइन आला. त्या रिकाम्या इमारतीत मी खरोखर टाळी वाजवली. तुमच्याकडूनही कुणीतरी वाजवली, ती माटोळी वर चढली म्हणून होती की माझ्यासाठी, ते मी विचारलं नाही.

वेब प्लेयर टाकताना मी इन्स्टन्स (एकाच वेळी चालणाऱ्या त्याच्या प्रती) चार लिहिले होते. मशीन मोठं, मग चार का नकोत? तुम्ही म्हणालात, ‘एक ठेव.’ एकच फाईल दहा जणांनी उघडली आणि सगळे एकाच इन्स्टन्सवर असले तर तिचा डेटा मेमरीत एकदाच चढतो, सगळे तोच वापरतात. चार केले की तोच डेटा चार ठिकाणी चढण्याची शक्यता, म्हणजे मेमरी आपणच खाऊन टाकायची. वर म्हणालात, ‘माटोळीची चौकट आधी पक्की होऊ दे. फळं नंतर वाढवता येतात.’ मी साडेनऊला निघालो. लोटलीपासून पाऊस लागला तो घरापर्यंत.

पण खरं ऋण त्यानंतरच्या आठवड्याचं आहे. कारखाना सुरू झाला आणि तक्रार आली की एक फाईल कधी उघडते, कधी उघडत नाही. तीच फाईल, तोच माणूस. सकाळी उघडली, दुपारी नाही. गुणवत्ता विभागाच्या प्रमुख मॅडम माझ्यावर चिडल्या नाहीत, पण त्यांनी कागदावर छापलेले जुने आलेख मीटिंगला आणायला सुरुवात केली. ते मला फार लागलं. तुम्ही पुण्याला परतल्या होतात. रात्री अकराला मी मेसेज केला, उत्तराची अपेक्षा नव्हती. तुमचा उलट फोन आला.

तुम्ही उत्तर दिलं नाहीत, प्रश्न दिलात. उघडते तेव्हा तो माणूस कुठल्या नोडवर असतो? नाही उघडत तेव्हा कुठल्या? दोन दिवस वहीत लिहून काढ. मी लिहिलं. सतरा नोंदी झाल्या. जुन्या मशीनवर प्रत्येक वेळी उघडत होती, दोन्ही नव्या नोडवर एकदाही नाही. सर्व्हर ज्याला जिथे जागा असेल तिथे पाठवत होता, म्हणून आम्हाला तो लहरीपणा वाटत होता. वही बघितल्यावर मलाच सुचलं की फाईलचा डेटा शेअर्ड फोल्डरमधून येतो, आणि नव्या नोडवर नोड मॅनेजर लोकल सिस्टिम (विंडोजच्या स्वतःच्या) खात्याखाली चालतोय. त्याच्याखाली चालणारा वेब प्लेयर तेच खातं वापरतो आणि त्या खात्याला तो फोल्डर उघडायचा हक्कच नाही. जुन्या मशीनवर कुणीतरी कधीकाळी वेगळं सर्व्हिस अकाउंट लावून ठेवलं होतं, त्याची नोंद कुठेच नव्हती. मी तेच खातं नव्या नोडना दिलं आणि फाईल उघडली.

तुम्हाला हे पहिल्याच रात्री ठाऊक होतं ना, ताई? मी नंतर विचारलं तेव्हा तुम्ही विषय बदललात. पाच मिनिटांत सांगून झोपायला जाता आलं असतं. त्याऐवजी दोन दिवस तुम्ही माझ्या वहीच्या फोटोंची वाट बघितलीत. मला आजवर शिकवणाऱ्या कुणी माझ्यासाठी असा वेळ काढला नव्हता.

नंतरच्या गोष्टी सुरळीत झाल्या, त्या थोडक्यात सांगतो. सकाळच्या मीटिंगच्या फाईल साडेसहालाच वेळापत्रकाने आधी चढवून ठेवतो, त्यामुळे उघडायला कुणी थांबत नाही. गुणवत्ता विभागासाठी एक नोड वेगळ्या रिसोर्स पूलमध्ये, म्हणजे राखीव गटात, ठेवलाय. सर्व्हरवर नवं पॅकेज आलं की सगळ्या नोडवरच्या सर्व्हिस त्याच बैठकीत अपडेट करतो. आणि जुन्या मशीनसारखं कोडं मागे राहू नये म्हणून कुठल्या नोडवर कुठलं खातं, कुठले पोर्ट, वेळ कुठून येते, हे सगळं चेंज रेकॉर्डमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) तारखेसह लिहिलंय. मॅडमनी छापील आलेख आणणं बंद केलं. कधी बंद केलं ते माझ्या लक्षातही आलं नाही, आणि तेच मला फार आवडलं.

यंदा आमच्या कुळागरात सुपारी चांगली धरलीय. तुमच्या माटोळीसाठी एक शिपटं बाजूला काढून ठेवायला बाबांना सांगितलंय. तयेच्या सकाळी डिचोलीला घेऊन येतो. शिडी धरायला माणूस लागणार असेल तर दुपारपर्यंत थांबेन.

तुमचा,
फोंड्याचा धाकटा भाऊ