वन नेशन वन सबस्क्रिप्शनमध्ये आमचं कॉलेजही घ्या: केंद्रीय शिक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. केंद्रीय शिक्षणमंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित कॉलेजात ग्रंथपाल आहे. हे पत्र तुमच्या खात्याच्या वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेबद्दल आहे (सरकारने एकदाच पैसे भरायचे आणि देशभरातल्या संस्थांना संशोधनाची जर्नल्स ऑनलाईन वाचायला द्यायची), आणि आधी मनापासून सांगतो की योजना फार चांगली आहे. २५ नोव्हेंबर २०२४ ला कॅबिनेटने मंजुरी दिली, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नल्स, आणि ६,३०० हून जास्त संस्थांमधले १ कोटी ८० लाखांच्या आसपास विद्यार्थी-प्राध्यापक-संशोधक. आधी वेगवेगळ्या खात्यांचे ग्रंथालय-गट आणि एकेक संस्था आपापला वेगळा सौदा करायच्या, ज्याच्याकडे पैसे तो वाचणार, बाकीचे बसणार. ते चित्र बदलायचं कुणीतरी मनावर घेतलं याचा आम्हा ग्रंथपालांना खरंच आनंद झाला होता.

पण पहिल्या टप्प्यात नियम असा आहे की संस्था केंद्र किंवा राज्य सरकारच्या व्यवस्थापनाखाली पाहिजे. आता महाराष्ट्राचं सांगतो. आमच्याकडे उच्च शिक्षण खेड्यापाड्यात पोचलं ते शिक्षण संस्थांमुळे, कर्मवीरांनी १९१९ मध्ये रयत काढली, पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत शिवाजी शिक्षण संस्था उभी केली, आणि त्याच वाटेवर गावोगावच्या लोकांनी वर्गण्या काढून, जमिनी देऊन कॉलेजं उघडली. आमचा पगार सरकार देतं, अभ्यासक्रम सरकारी विद्यापीठाचा, परीक्षा विद्यापीठाची, पीएचडीचे गाईडसुद्धा विद्यापीठाने मान्य केलेले, फक्त मॅनेजमेंट संस्थेचं. तेवढ्यासाठी आमची पोरं बाहेर. शंभर-दीडशे किलोमीटरवर विद्यापीठाच्या कॅम्पसमध्ये ज्याला प्रवेश आहे त्याला तेच जर्नल एका क्लिकवर उघडतं, आणि आमच्याकडे त्याच विषयाचा, त्याच विद्यापीठाचा अभ्यास करणारी मुलगी अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाचून थांबते, कारण पुढचं पान उघडायला ३०-४० डॉलर मागतात, म्हणजे अडीच ते साडेतीन हजार रुपये, एका पेपरचे. आणि एका पेपरने काय होतं, एक चॅप्टर लिहायला पन्नास पेपर चाळावे लागतात. एन-लिस्ट आहे (कॉलेजांना ऑनलाईन जर्नल्स-पुस्तकं देणारी सरकारी सोय), वर्षाला काही हजार भरून मिळतं, आम्ही वापरतो आणि त्याचा उपयोगही होतो, पण लॅन्सेटसारखी मेडिकल जर्नल्स त्यात कधी नव्हती.

काहीजण म्हणतात तालुक्याच्या बीए-बीएस्सीच्या कॉलेजला १३,००० जर्नल्स कशाला हवीत, तुमच्या विषयापुरती घ्या. साहेब, माझा सगळा आक्षेप इथेच आहे. कुठल्या माणसाला कुठल्या विषयाचा पेपर लागेल हे कुणालाच आधी माहीत नसतं, त्या माणसालाही नसतं. रिसर्च विषयांच्या खोल्यांमध्ये बसून राहत नाही.

सीटी स्कॅनचंच बघा, आता जिल्ह्याच्या गावी गल्लीगल्लीत बोर्ड दिसतात. मशीन डोक्याभोवती फिरून वेगवेगळ्या कोनातून एक्स-रे काढतं, प्रत्येक एक्स-रे म्हणजे नुसती सावली, आणि त्या सगळ्या सावल्यांवरून आतला काप कसा दिसत असेल ते गणिताने काढायचं असतं. हे गणित बसवणाऱ्यांमध्ये एक मोठं नाव आपल्या जी. एन. रामचंद्रन यांचं आहे, जे मुळात प्रोटीन आणि कोलॅजेनच्या रचनेवर काम करायचे, हॉस्पिटलशी त्यांचा थेट संबंध नव्हता. त्यांनी आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी १९७१ मध्ये एका पेपरमध्ये दाखवलं की फूरियर रूपांतर नावाच्या गणिताच्या लांबलचक वाटेने न जाता हेच काम कितीतरी कमी आकडेमोडीत होतं, तेव्हाच्या कॉम्प्युटरला झेपेल असं. त्यांच्या नावाचा राम-लॅक फिल्टर आजही इमेजिंगच्या पुस्तकांत आणि सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला लंडनमध्ये पहिल्या पेशंटचा सीटी स्कॅन झाला. आणि असंच गणित त्याच्या चार वर्षं आधी, १९६७ मध्ये, ब्रेसवेल आणि रिडल यांनी रेडिओ खगोलशास्त्रासाठी मांडलं होतं, आकाशाचा नकाशा काढायला! हे ब्रेसवेल म्हणजे गोविंद स्वरूप यांचे स्टॅनफर्डमधले पीएचडीचे गाईड, आणि स्वरूप यांनी नंतर आपल्या नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटरच्या ३० अँटेना उभ्या करून जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण बांधली. म्हणजे प्रोटीनवाला, आकाशवाला आणि मेंदूचा फोटो काढणारा असे तिघे एकाच गणिती कोड्यापाशी पोचले. आता मला सांगा, यातला कुठला पेपर फिजिक्सच्या लायब्ररीत ठेवायचा आणि कुठला मेडिकलच्या? रामचंद्रन यांचा तो पेपर आज कुणालाही फुकट वाचता येतो, आमच्या बीएस्सीच्या पोरांनाही, आणि वाचणारी पोरं आहेत बरं का, दरवर्षी एखाद-दोन तरी निघतातच.

आता अगदी दुसऱ्या टोकाचा विषय घ्या, कामावरच्या टेक्नॉलॉजीचा. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या कामावर मोबाईल अ‍ॅपमधून फोटोसकट हजेरी सक्तीची झाली, नंतर अंगणवाडीत पोषण आहार द्यायला चेहरा ओळखणारं अ‍ॅप आलं. ज्या राज्यात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी जन्माला आली तिथल्या मजूर संघटनेच्या कार्यकर्त्याला, किंवा अंगणवाडीताईला, हे मशीन किती वेळा चुकतं, कुणाच्या बाबतीत जास्त चुकतं हे वाचायचं असेल तर? २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिम्निट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून बाई की पुरुष हे सांगणारी तीन कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासली, गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के आणि सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. हा पेपर पहिल्या दिवसापासून सगळ्यांना खुला होता, म्हणून तो पत्रकारांनी वाचला, वकिलांनी वाचला, आणि त्यावर जगभर चर्चा झाली. तो ४० डॉलरच्या मागे असता तर एवढ्या लोकांपर्यंत गेला असता असं मला नाही वाटत. कामगारांवर नजर ठेवणारी सॉफ्टवेअर, अल्गोरिदमने वाटलेल्या डिलिव्हरीच्या फेऱ्या, यंत्रमागावरचा आवाज आणि धूळ, या सगळ्यावर जगात भरपूर अभ्यास चालू आहे आणि ज्याच्यावर अभ्यास आहे त्यालाच तो वाचता येत नाही.

आणि रिसर्च करणारा माणूस मोठ्या शहरातच असतो हेही खरं नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात होते. विंचू चावल्यावर फुप्फुसात पाणी होऊन कोकणात माणसं, पोरं दगावायची, त्यांनी पेशंटच्या उशाशी बसून लक्षणं नोंदवली, १९८२ मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापून आलं, पुढे प्राझोसिन नावाची ब्लड प्रेशरची साधी गोळी यावर चालते हे त्यांनी दाखवून दिलं आणि हजारो जीव वाचले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेतली, बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले, १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये पेपर आला, आणि आज देशभरातल्या आशाताई त्याच पद्धतीने घरभेटी देतात. ही माणसं जिद्दीची होती म्हणून त्यांनी वाट काढली. पण आजच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला तरी तुमच्या योजनेत कुठे जागा आहे? ते आरोग्य केंद्र, उच्च शिक्षण संस्था नव्हे. टीबीच्या तपासणीत छातीचा एक्स-रे सॉफ्टवेअरने वाचायला डब्ल्यूएचओने २०२१ मध्ये मान्यता दिली, १५ वर्षांवरच्यांसाठी, आता ती मशिन्स आपल्याकडे गावांच्या शिबिरात येतायत, मग ते सॉफ्टवेअर कुणाच्या एक्स-रेवर शिकलंय, आधी टीबी होऊन गेलेल्या माणसात ते फसतं का, हे त्या शिबिरातल्या डॉक्टरने वाचायला नको?

आता एक अडचणीचं बोलतो. आजवर यातली बरीच मंडळी साय-हबवर, म्हणजे पैसे भरून वाचायचे पेपर परवानगीशिवाय फुकट देणाऱ्या वेबसाइटवर, भागवत होती, हे देशातल्या प्रत्येक ग्रंथपालाला माहीत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या आदेशाने ते भारतात ब्लॉक झालं. कोर्टाने कायद्याप्रमाणे केलं, त्यावर मी काही बोलत नाही. पण बेकायदेशीर दार बंद करताना कायदेशीर दार सगळ्यांना उघडून दिलं पाहिजे होतं, ते ६,३०० संस्थांनाच उघडलं.

याचा दुसरा परिणाम तर फार वाईट आहे. ज्याला चांगलं जर्नल कधी बघायलाच मिळालं नाही त्याला बोगस जर्नल ओळखता कसं येणार? आमच्या प्राध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज मेसेज येतात, तीन दिवसात पेपर छापून देतो, सर्टिफिकेट फ्री, इंटरनॅशनल जर्नल. पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये करंट सायन्समध्ये दाखवलं होतं की यूजीसीच्या तेव्हाच्या यादीत विद्यापीठांनी सुचवलेली, कुठल्याही डेटाबेसमध्ये नसलेली जी जर्नल्स त्यांनी तपासली त्यातली ८८ टक्क्यांहून जास्त हलक्या दर्जाची होती. मग यूजीसीची केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नल्सची नवी यादी, आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केली, आता म्हणतात संस्थांनी आपलं आपण ठरवावं. ठरवतो की, पण ठरवायला आधी वाचायला तर द्या. चांगल्या पेपरमध्ये मेथड कशी लिहितात, स्वतःच्या अभ्यासातल्या मर्यादा कशा कबूल करतात, हे वाचून वाचूनच कळतं, त्यावर कार्यशाळा घेऊन कळत नाही (कार्यशाळा आम्ही खूप घेतल्या).

आता मागणी. सध्याचे पैसे २०२५, २०२६ आणि २०२७ या तीन वर्षांचे आहेत, म्हणजे पुढचा करार करायला प्रकाशकांसमोर तुम्हाला बसावंच लागेल. तेव्हा अनुदानित कॉलेजांचा मुद्दा पहिल्या दिवशी टेबलावर ठेवा, शेवटी सवलत म्हणून मागू नका. वर्षाला २,००० कोटी देणारा गिऱ्हाईक आहे आपला देश, भाव आपण ठरवू शकतो. त्याच करारात जिल्हा ग्रंथालयांचं कलम घाला, म्हणजे कुठलाही नागरिक, डॉक्टर, शेतकरी, कामगार, वकील, तिथल्या कॉम्प्युटरवर बसून पेपर वाचू शकेल. हे नवीन नाही, ब्रिटनमध्ये २०१४ मध्ये सार्वजनिक वाचनालयांत अशी सोय प्रकाशकांनीच मान्य करून सुरू झाली. आमच्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे, इमारती आहेत, वाचनाची सवय असलेली माणसं आहेत, ती स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांपलीकडेही वाचतील.

आणि जे आपल्याच पैशाने लिहिलं जातं ते तरी मोकळं करा. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान (डीबीटी) आणि विज्ञान-तंत्रज्ञान (डीएसटी) या खात्यांनी डिसेंबर २०१४ मध्ये धोरण काढलं होतं की त्यांच्या निधीतून झालेल्या संशोधनाचा स्वीकारलेला मसुदा खुल्या रिपॉझिटरीत, म्हणजे सगळ्यांना फुकट वाचता येणाऱ्या ऑनलाईन साठ्यात, टाकायचा. दहा वर्षं उलटून गेली, मी शोधायला जातो तेव्हा बऱ्याचदा तो मसुदा तिथे नसतो. ही दोन्ही खाती तुमच्याकडे नाहीत हे मला माहीत आहे, पण यूजीसी तुमच्याकडे आहे, सामाजिक शास्त्रांच्या संशोधनाला पैसे देणारी आयसीएसएसआर तुमच्याकडे आहे. तिथून सुरुवात करा, मसुदा टाकल्याशिवाय पुढचा हप्ता नाही असा नियम करा, बघा कसे पटापट पडतात ते.

शोधगंगा या पीएचडीच्या थिसिसच्या सरकारी वेबसाइटवर ५ लाखांहून जास्त थिसिस आहेत, हे आपल्या देशाचं फार मोठं काम आहे आणि मी ते प्रत्येक विद्यार्थ्याला दाखवतो. त्यात एवढीच भर घाला की प्रत्येक थिसिसबरोबर दोन पानांचा सारांश त्या राज्याच्या भाषेत द्यायचा, साध्या शब्दांत, गाईडने वाचून सही केलेला. कापसाच्या बोंडअळीवरचा थिसिस परभणीत झाला असेल तर तो परभणीच्या शेतकऱ्याला मराठीत दोन पानं तरी वाचता आला पाहिजे.

विद्यापीठाच्या आणि कॉलेजांच्या ग्रंथपालांची एक बैठक बोलवा, दिल्लीत नको असेल तर ऑनलाईन घ्या. कुठल्या विषयाची किती मागणी येते, कुठे दार लागतं, याच्या नोंदी आमच्यापैकी अनेकांकडे वर्षानुवर्षांच्या आहेत. करार होण्याआधी त्या घ्या, आम्ही सगळं पाठवायला तयार आहोत.

आपला,
एक ग्रंथपाल
(अनुदानित महाविद्यालय, मराठवाडा)