परदेशातला पगार शंभरानं गुणू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात जर्मनीत शिकायला चला, शिक्षण फुकट, नोकरी पक्की अशी मोठी जाहिरात आली होती, आणि त्याच दिवशी संध्याकाळी आमच्या गल्लीतल्या दोन घरची माणसं तो पेपर हातात घेऊन माझ्याकडं आली, कारण माझा थोरला मुलगा तिकडं आहे आणि आम्ही दोघं गेल्या वर्षी मे ते जुलै त्याच्याकडं राहून आलोय. त्यांना जे सांगितलं ते बाकीच्यांनाही कळावं म्हणून हे पत्र. जरा लांबलंय, पण काटछाट करू नका ही विनंती.

मी बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, फाउंड्रीत 31 वर्षं मोल्डिंगला काम केलं. मुलगा बेळगावातच इंजिनिअर झाला, तिकडं मास्टर्स केलं, आता स्टुटगार्टजवळ एसलिंगेन म्हणून गाव आहे तिथं एका मशीन बनवणाऱ्या कारखान्यात आहे. तो गेल्यापासून रस्त्यात भेटेल तो एकच विचारतो, मामा पोराला पगार किती? आणि आकडा ऐकला की लगेच गुणाकार. युरो शंभराच्या आसपास, म्हणजे 4,200 युरो म्हणजे महिन्याला सव्वाचार लाख. मीही चार वर्षं हाच गुणाकार करून खुशीत होतो, खोटं कशाला सांगू.

तिथं गेल्यावर एका रात्री जेवण झाल्यावर पोरानं पगाराची स्लिप टेबलावर ठेवली आणि म्हणाला, बाबा आता एकेक ओळ बघा. इन्कम टॅक्स गेला, पेन्शनचे 9.3 टक्के गेले, आरोग्य विमा गेला, बेकारीचा विमा गेला, आणि म्हातारपणी कुणी सेवा करायला लागेल त्याचा वेगळा विमा असतो तोही गेला. हातात उरले 2,700च्या आतबाहेर. त्यातले 1,050 घरभाडं हीटिंग धरून, आणि घर म्हणजे दोन खोल्या. हे घर घेतलं तेव्हा स्वयंपाकघरात नुसत्या भिंती होत्या, ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, कारण तिकडं बऱ्याच ठिकाणी भाडेकरूनं ते स्वतःचं आणायचं असतं आणि जाताना घेऊन जायचं असतं, पोरानं कुणाचं तरी जुनं विकत घेऊन बसवलं. टीव्ही असो नसो, रेडिओ-टीव्हीची म्हणून दर घराला महिन्याला 18.36 युरो फी भरायलाच लागते. सलूनमध्ये केस कापायचे तर 25 युरो, म्हणून पोरगा घरीच मशीन फिरवतो. युरोत कमावलेलं युरोतच संपतं हो, शिल्लक राहते पण ती गुणाकारातल्यासारखी नाही, आणि ती टाकायला पोटाला चिमटा घ्यावा लागतो. आता एक चांगलं पण सांगतो, गेल्या वर्षी 58 युरोचा एक पास होता, त्यावर महिनाभर देशभरच्या लोकल गाड्या, बस, ट्राम कशातही बसा, आम्ही दोघांनी तो काढून पुष्कळ फिरलो.

दुसरा गैरसमज म्हणजे तिकडं आपला पोरगा साहेब झालाय. साहेब आहे की, ऑफिसात. पण पहिल्याच शनिवारी बघतो तर हा झाडू, बादली आणि फडकं घेऊन जिन्यात. आमच्या मंडळींचा चेहराच उतरला, म्हणाली एवढं शिकून हे करायला आलास होय रे? तेव्हा त्यानं दारावर अडकवलेली पाटी दाखवली. त्या भागात पद्धतच आहे, बिल्डिंगमधल्या घरांनी आठवडा वाटून घ्यायचा, ज्याच्या दारावर पाटी त्यानं त्या आठवड्यात जिना पुसायचा आणि पुढचा फुटपाथ झाडायचा. त्याला केरवोखं म्हणतात. नावातच केर बघा, म्हणून मंडळींच्या लगेच लक्षात राहिलं. वरच्या मजल्यावर एक डॉक्टर राहतात, पुढच्या शनिवारी पाटी त्यांच्या दारावर गेली आणि ते पण गुडघ्यावर बसून पायऱ्यांचे कोपरे पुसत होते, मी स्वतः बघितलं. 31 वर्षं हातानं काम केलेल्या माणसाला ते बघून काय वाटलं ते मला शब्दात सांगता येणार नाही. आमच्या गल्लीत कचऱ्याची गाडी आली तरी पिशवी उचलून द्यायला माणूस शोधतात.

तिकडं गरिबी नाही असं पण लोक समजतात. एसलिंगेनच्या स्टेशनवर माझ्याच वयाचा एक म्हातारा रोज दिसायचा, नीट कोट घातलेला, आणि डस्टबिनमध्ये बॅटरी मारून बघायचा. प्लास्टिकची पाण्याची बाटली घेताना 25 सेंट डिपॉझिट घेतात, रिकामी बाटली दुकानातल्या मशीनमध्ये टाकली की ते परत मिळतात, म्हणून लोकांनी टाकलेल्या बाटल्या तो गोळा करायचा. पुढं पुढं मी आमच्या बाटल्या डब्यात न टाकता डब्याच्या कडेला उभ्या ठेवायला लागलो, तिकडचे लोकही तसंच करतात.

गाड्या सेकंदाला सेकंद धरून सुटतात हे तर मी लहानपणापासून ऐकत आलोय. 2024 साली त्यांच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांतल्या साधारण 62 टक्केच वेळेवर धावल्या, आणि सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर ते उशीर धरतच नाहीत. स्टुटगार्टच्या मोठ्या स्टेशनचं नवीन काम 2010 पासून चाललंय. औषधोपचार फुकट म्हणतात तेही तसंच, दर महिन्याला पगारातून विमा कापतात तो कुणी मोजत नाही. पोराच्या हातावर चट्टे उठले होते तर चामडीच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट सात आठवड्यांनंतरची मिळाली, इथं टिळकवाडीत संध्याकाळी जाऊन नंबर लावला की रात्री औषध घेऊन घरी. मात्र मोठं दुखणं आलं तर घर विकायची पाळी येत नाही, हे त्या विम्याचं खरं मोल आहे आणि ते मान्य करायलाच पाहिजे.

सगळ्यात जास्त मनाला लागतो तो गैरसमज म्हातारपणाचा. आपल्याकडं छाती ठोकून सांगतात, गोऱ्या लोकांना आई-बापाची माया नसते, साठी झाली की आश्रमात टाकतात. आमच्या शेजारी 84 वर्षांच्या एक आजी एकट्या राहायच्या. रोज सकाळी आणि संध्याकाळी एक नर्स बाई छोट्या गाडीतून यायची, गोळ्या द्यायची, पायाला पट्टी बांधायची. रविवारी मुलगी केक घेऊन यायची आणि दुपारभर दोघी बाल्कनीत. आम्ही कुंड्यांत मेथी पेरली होती, आजींनी खुणेनं विचारलं हे काय, मंडळींनी भाजी करून वाटीत नेऊन दिली, दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती स्ट्रॉबेरी भरून. रिकामी वाटी परत द्यायची नाही हे त्या बाईला कुणी शिकवलं होतं? मी पोराला खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं की जर्मनीत ज्यांना सेवेची गरज आहे अशा पाचातल्या चारांपेक्षा जास्त लोकांची सेवा घरीच होते, घरची माणसं करतात नाहीतर अशा नर्सच्या मदतीनं. पगारातून कापतात तो म्हातारपणाचा विमा याच कामाला येतो. आणि आमच्या एकाच गल्लीत तीन घरं अशी आहेत जिथं पोरं पुण्या-बेंगळूरला आणि म्हातारा-म्हातारी दोघंच, रात्री छातीत कळ आली तर रिक्षा कोण बोलवणार ठाऊक नाही. कुणाला माया आहे आणि कुणाला नाही हे आपण लांबून कसं ठरवतो?

भाषेचं तर सगळे धरूनच चालतात, परदेश म्हणजे इंग्लिश. तिकडं सरकारी ऑफिसातलं पत्र येतं ते जर्मनमध्ये, घराचा करार जर्मनमध्ये, कारखान्याच्या शॉप फ्लोअरवर सगळं जर्मनमध्ये. पहिल्या वर्षी पोरगा पत्र घेऊन मित्राकडं पळायचा. ते सांगत होता तेव्हा मला आमच्या जमिनीचा उतारा आठवला, शेत आपलं, घाम आपला, आणि कागद कानडीत, वाचायला दुसऱ्याच्या तोंडाकडं बघायचं. 1956 पासून आपण सीमाभागातली माणसं मराठीत कागद द्या म्हणून झगडतोय, ती मागणी माझ्यासाठी आजही तितकीच खरी आहे. पण एक गोष्ट मला तिथं कळली, घरात मराठी, बाजारात कानडी, टीव्हीवर हिंदी, कॉलेजात इंग्लिश असं वाढलेल्या आपल्या पोरांना चौथी-पाचवी भाषा शिकायची धास्ती वाटत नाही. माझ्या पोरानं दोन वर्षं रोज संध्याकाळी क्लास केला आणि आता फोनवर जर्मनमध्ये भांडतो सुद्धा. जाणाऱ्यानं इथूनच सुरुवात करावी, तिकडं जाऊन शिकू म्हणणारे मागं पडतात.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो. मंडळींच्या माहेरच्या गावचा, खानापूर तालुक्यातला एक मुलगा बर्लिनमध्ये आहे. आम्ही आलोय कळल्यावर रात्रभर बसनं प्रवास करून एका रविवारी भेटायला आला. हात बघितले तर बोटांना भेगा, थंड गोदामात पॅकिंगचं काम करतो रात्रीचं. पिठलं आणि चार चपात्या खाल्ल्या, मग बसल्या जागी झोपला, आम्ही उठवलं नाही. उठल्यावर बोलायला लागला. एजंटनं सांगितलं होतं शिक्षण फुकट आणि पार्टटाइम करून सगळा खर्च निघतो. वडिलांनी वीस गुंठे विकले आणि वर सोसायटीचं कर्ज. फुकट आहे ते सरकारी युनिव्हर्सिटीत, तेही सगळीकडं नाही, स्टुटगार्ट ज्या राज्यात येतं तिथं 2017 पासून युरोपाबाहेरच्या पोरांना सेमिस्टरला 1,500 युरो फी आहे. ह्याला तर घातलं खासगी कॉलेजात, वर्षाला 10,000 युरो.

हिशोब मी वहीत मांडला तो तसाच देतो. व्हिसाला वर्षाच्या खर्चाचे म्हणून 11,904 युरो आधी बँकेत अडकवून दाखवायला लागतात, म्हणजे तिथं जगायला तेवढे लागतात असं सरकारच धरतं. त्यात फी 10,000. झाले जवळजवळ 22,000. आता कमाई. विद्यार्थ्याला वर्षात 140 पूर्ण दिवस किंवा 280 अर्धे दिवस काम करता येतं. 2025 साली तासाला कमीत कमी मजुरी 12.82 युरो होती, अर्धा दिवस चार तासाचा धरला तर 280 दिवसाचे 14,300च्या आसपास, तेही एक दिवस न चुकता काम मिळालं तर. उरलेले साडेसात हजार आणायचे कुठून? त्या पोराला हा हिशोब निघायच्या आधी कुणी मांडून दाखवला नव्हता. जाताना माझ्या पाया पडला आणि म्हणाला, मामा घरी काय सांगू नका, गावात सगळ्यांना वाटतंय मी मजेत आहे. त्याच्या मोबाईलवर घरी पाठवलेला फोटो होता, बर्फात उभा, अंगात मित्राचं जॅकेट. तो फोटो बघून त्याच गावातली आणखी दोन पोरं तयारीला लागलीत म्हणे.

परदेशी जाऊ नका असं मी अजिबात म्हणत नाही. माझा पोरगा गेला, सुखात आहे, मला त्याचा अभिमान आहे. पण तो सरकारी युनिव्हर्सिटीत, भाषा शिकून, सगळे कागद स्वतः वाचून गेला होता.

संपादक साहेब, तिकडच्या बऱ्याच युनिव्हर्सिटीत ऑक्टोबरच्या प्रवेशासाठी अर्जाची मुदत 15 जुलैपर्यंत असते, म्हणजे आता मार्च ते जून अशा जाहिरातींचा पाऊस पडणार आणि त्या तुमच्याही पेपरात येणार. त्या छापू नका म्हणायचा मला अधिकार नाही. पण ह्या चार महिन्यांत दर आठवड्याला एक चौकट मराठीत द्या, सरकारी कॉलेज कसं ओळखायचं, फी कुणाला लागते, बँकेत किती दाखवायचे, कामाचे तास किती, एवढंच. आकडे दरवर्षी बदलतात, ते तपासून द्या. खानापूर, निपाणी, हुक्केरीकडच्या खेड्यात तुमचा पेपर पारावर वाचला जातो, जमीन विकायच्या आधी निदान बापाच्या हातात तेवढा कागद असू दे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त फाउंड्री कामगार,
अनगोळ, बेळगाव