विश्रामबागेतील संगणक-दुरुस्तीवाल्या स्नेह्यांस

सांगली

स. न. वि. वि.

आपले नाव लिहू नये अशी आपली इच्छा आहे, म्हणून हे आभारपत्र बिननावाचेच लिहीत आहे.

विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, तेव्हापासून माझा लॅपटॉप उघडला की तीच सूचना समोर येई. एका दुकानात ‘हा आता भंगारात घाला’ असे ऐकल्यावर नव्या लॅपटॉपच्या पैशांची जुळवाजुळव करूनच मी आपल्याकडे आलो होतो. आपण मात्र किंमत सांगण्याआधी ‘यावर काम काय करता?’ असे विचारले. मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडतीचा हिशेब आणि जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापायच्या शेतकऱ्यांच्या पट्ट्या (माल विकल्याच्या हिशेबाच्या पावत्या), एवढेच माझे काम.

बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, बंद असलेली आणि विंडोज ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आपण चालू करून दाखवली, तेव्हा क्षणभर मला आशा वाटली; पण लगेच प्रोसेसरच्या ‘आय५-७२००यू’ या नावातील ७ वर बोट ठेवून आपण सांगितले, की ही सातवी पिढी आहे आणि विंडोज ११ ला, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलची किमान आठवी पिढी लागते. अट चुकवूनही ती प्रणाली बसवता येते, हे आपण लपवले नाही. मात्र तशा यंत्राला पुढचे अपडेट मिळण्याची हमी नसते आणि ऐन सौद्यांत प्रिंटर अडला तर शेतकरी पट्टीसाठी ताटकळतील, हे आपले म्हणणे मला पटले. (खरी धास्ती मला त्या प्रिंटरचीच होती.) विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणालीही आपण पेनड्राइव्हवरून चालवून पाहिली, पण आमचा हिशेबाचा प्रोग्रॅम त्यावर चालेना.

लॅपटॉप संथ होता तो जुन्या हार्ड डिस्कमुळे, प्रणालीमुळे नव्हे. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कच्या वापराचा आकडा १०० टक्क्यांवरून हलत नव्हता. आपण आधी सगळ्या हिशेबाची प्रत काढली, दोन खाती माझ्याकडून वहीशी ताडून घेतली आणि मगच मागचे झाकण उघडले. निघालेला प्रत्येक स्क्रू कागदावर काढलेल्या चौकोनात त्याच्या त्याच्या जागी ठेवत होतात, ते मी पाहत राहिलो. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी ही वेगवान डिस्क बसवल्यावर विंडोज १० च्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणीही आपणच करून दिली. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे, तेव्हा यंदाचा हंगाम उरकला की नव्या यंत्राचे बघा, हे आपण मला दोनदा बजावले आहे.

तपासणीचे पैसे आपण घेतले नाहीत. घरी दळलेली किलोभर हळद बाजूला काढून ठेवली आहे. ती शनिवारी आणून देतो, तेवढी तरी नाही म्हणू नये.

आपला,
अडतीवरचा एक दिवाणजी