कापसाच्या बोळ्याला अडकलेली तार : एका सायकल मिस्त्रींना आभारपत्र

आदरणीय मिस्त्री काका,

सप्रेम नमस्कार.

नाव कुठे छापू नका, असे तुम्ही बजावले होते म्हणून ते लिहीत नाही. पण नागठाण्याच्या पुढे, अतीतच्या अलीकडे, महामार्गालगतच्या तुमच्या दुकानात डिसेंबरातल्या त्या दुपारी आम्हा पाच जणांची जी अडचण दूर झाली, तिच्याबद्दल जाहीर आभार मानल्यावाचून राहवत नाही.

पुण्याहून कोल्हापूरला सायकलने निघालेले आम्ही पहाटे कात्रज ओलांडले, शिरवळला नाश्ता केला, खंबाटकी घाट चढलो आणि सातारा मागे टाकले, तोवर सारे सुरळीत होते. मुक्काम कराडला होता. साताऱ्यापुढे मात्र एकाच सायकलचे मागचे चाक तासाभरात दोनदा बसले. दोन्ही वेळा आम्ही टायरची एकच कड उचलून नवी ट्यूब घातली, आतून बोट फिरवून ‘काही नाही’ असा निर्वाळा दिला आणि निघालो. (निर्वाळा देणारा मीच.) तिसऱ्यांदा हवा गेली ती तुमच्या दारात, आणि तेव्हा ७०० बाय २८ मापाच्या (यातले २८ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी) आमच्या सुट्या ट्यूब संपलेल्या होत्या. तुमच्याकडची २८ इंची ट्यूब चालेल, असे मी म्हणालो. ती जुन्या काळ्या सायकलींच्या मोठ्या रिमची असते आणि तिचा जाड व्हॉल्व्ह आमच्या रिमच्या छिद्रातून जाणार नाही, हे तुम्ही ट्यूब खुंटीवरून न काढताच सांगितलेत.

उघडलेला जेवणाचा डबा तुम्ही पुन्हा लावून ठेवलात आणि आमच्या तिन्ही ट्यूब मागून घेतल्या. घमेल्यातल्या पाण्यात बुडबुडे पाहून प्रत्येकीवर खडूने खूण केली, व्हॉल्व्हपासून खुणेपर्यंत वीत टाकली, आणि तिन्ही वेळा माप आले दोन वीत, चार बोटे. “ट्यूबी बदलून काय उपयोग? टायरातच हाय ते,” एवढेच तुम्ही बोललात. मग टायर पूर्ण उतरवून त्याच अंतरावर आतून कापसाचा बोळा फिरवलात, तेव्हा कापसाचे दोन तंतू एका जागी अडकून राहिले. टायर उलटा वाकवल्यावर तिथे पोलादी तारेचे टोक दिसले. ट्रकचे टायर फुटले की त्यांच्यातल्या अशा तारा रस्त्याच्या कडेला विखुरतात, आणि सायकलवाले नेमके कडेनेच जातात. चिमट्याने काढून तुम्ही ती माझ्या तळहातावर ठेवलीत. ज्वारीच्या दाण्याएवढीही लांब नव्हती.

तुम्ही पैसे घेतलेत ते फक्त तीन पंक्चरचे. तार शोधल्याचे घ्या म्हटले, तर डबा उघडून जेवायला बसलात. सुमारे ३० किलोमीटरचे उरलेले अंतर आम्ही एकदाही न थांबता कापले आणि दिवेलागणीला कराडात पोहोचलो.

गेल्या महिन्यात कासला जाताना यवतेश्वरच्या घाटात आमच्यातल्या एकाचे चाक बसले. पंप काढण्याआधी सगळ्यांनी प्रथमोपचाराच्या पेटीतला कापूस शोधला. बाभळीचा काटा निघाला.

तुमचा पंप आमच्या बारीक व्हॉल्व्हला बसत नव्हता, आणि हवा आमच्याच हातपंपाने भरावी लागली, याची तुम्हाला रुखरुख लागलेली दिसली. त्यासाठी लागणारी पितळी अडॅप्टर येत्या रविवारी आणून देत आहोत. दोन आणतो, एवढीशी वस्तू आहे, एक हरवायचेच.

आपला नम्र,
तिसऱ्या पंक्चरवाला