एअर फिल्टरच्या झाकणाआत लिहिणाऱ्या मेस्त्रींना

मेस्त्री, नमस्कार.

बिल देताना ‘थँक्यू’ म्हणून झालं होतं. पण परवा एअर फिल्टर झटकायला डब्याचं झाकण उघडलं आणि आतल्या बाजूला तुमचं अक्षर दिसलं. पांढऱ्या मार्करनं सात ओळी. गाडी ताब्यात देताना त्यांतल्या एकीबद्दलही तुम्ही बोलला नव्हतात. जुनी कार्ब्युरेटरवाली (पेट्रोल-हवा मिसळायला सेन्सर नसलेली) मारुती ८०० अजून ज्यांच्या दारात उभी आहे, त्यांनाही या ओळी उपयोगी पडतील, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

पहिली ओळ: ‘कॉम्प्रेशन आधी १६५, १६०, ११५. नंतर १६८, १६५, १६२.’ म्हणजे तिन्ही सिलिंडरांत हवा किती दाबली जाते त्याचे पीएसआयमधले आकडे.

उद्यमनगरात तुमच्याकडे येण्याआधी ही गाडी ‘परफॉर्मन्स’ची पाटी लावलेल्या एका गॅरेजात दोनदा जाऊन आली होती. तिथं तिला उघडा शंकूसारखा फिल्टर लागला, मोठ्या पाइपचा सायलेन्सर लागला, महागडे प्लग लागले, आणि कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या मुख्य जेटचं भोक बारीक ड्रिलनं मोठं केलं गेलं. कॉम्प्रेशन गेज मात्र दोन्ही वेळा कुणी लावला नाही. ७९६ सीसीची तीन सिलिंडरची गाडी, त्यातला तिसरा सिलिंडर अर्धमेला, आणि बिल झालं आवाजाचं. अॅव्हरेज १७ वरून ११ वर आलं. पिकअप होता तितकासुद्धा राहिला नाही. सायलेन्सरमुळं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओनं अडवलं असतं ती भीती वेगळीच.

तुम्ही बॉनेट उघडलंत, शंकू बघून हसलात आणि पहिलं वाक्य बोललात, “मूळचा डबा हाय का घरात? माळ्यावर बघा.” होता. उघडा फिल्टर बॉनेटखालची रेडिएटरनं तापलेली हवा ओढतो. हवा १० अंशांनी तापली की तिची घनता तीनेक टक्क्यांनी उतरते, म्हणजे तितकी ताकद आधीच गेली. शिवाय जेटचं माप मूळ डब्याच्या ओढीवर ठरलेलं असतं, ते सगळं बिघडतं. जुना डबा स्वच्छ, आत नवा कागदी फिल्टर, याहून चांगलं या इंजिनाला काही नाही.

मग कॉम्प्रेशन. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, कॉइलची वायर सुटी, बॅटरी भरलेली, अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला, चार-पाच फेरे स्टार्टर. पुष्कळ जण पेडल दाबायला विसरतात, हवाच आत जात नाही आणि तिन्ही आकडे खोटे कमी येतात. तिसऱ्यात ११५ आल्यावर तुम्ही चमचाभर इंजिन ऑइल प्लगच्या भोकातून सोडलंत आणि पुन्हा मोजलंत. आकडा वाढला असता तर दोष रिंगांचा. तो हलला नाही, म्हणजे गळती व्हॉल्व्हची. दोन मिनिटांची ही परीक्षा झाली नसती, तर पिस्टन-रिंगांचा खर्च बिनकामाचा झाला असता.

दुसरी ओळ: ‘टॅपेट ०.१५, थंड.’ म्हणजे थंड इंजिनात व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा भाग यांच्यातली फट, मि.मी.मध्ये. तिसऱ्याच्या एक्झॉस्टला फिलर गेजची पातळ पट्टीसुद्धा शिरत नव्हती. व्हॉल्व्ह जिच्यावर बसतो ती सीट झिजते तसा तो वर सरकतो आणि मधली फट आपोआप मिटत जाते. फट संपली की व्हॉल्व्ह पुरता बसत नाही. बसला नाही की त्याची उष्णता सीटमार्गे हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, उतरत नाही, आणि कड जळायला लागते. यातली गंमत अशी की असं इंजिन कानाला छान शांत वाटतं. आधीच्या गॅरेजवाल्यानं तर ‘टॅपेट एकदम सायलेंट’ म्हणून पाठ थोपटून घेतली होती! तुमचं म्हणणं उलटं, “जरा टिकटिक करणारा टॅपेट बरा. गप बसलेला टॅपेट व्हॉल्व्हला खातो.” हेड उतरवून व्हॉल्व्ह पेस्टनं घासलेत. पुसल्यावर सीटभोवती अखंड राखाडी कडं दिसलं तेव्हाच थांबलात, एका ठिकाणी ते तुटक दिसत होतं म्हणून पुन्हा घासलंत. नवं गॅस्केट, हेडवर सरळपट्टी ठेवून पाहणी, टायमिंग बेल्टच्या खुणा जुळवणं हे ओघानं आलंच. बेल्ट एक दात जरी सरकला तरी गाडी सुरू होते, नुसती मेंगळट चालते, आणि लोक दोष कार्ब्युरेटरला देतात.

तिसरी ओळ मला सगळ्यांत आवडली, कारण ती न केलेल्या कामाची आहे: ‘हेड खरवडलेलं नाही.’ हेड खाली उतरलंच होतं, ‘०.३ मि.मी. मारून घ्या, पॉवर वाढंल’ म्हणून बिल वाढवणं सोपं होतं. हिशेब घालून पाहण्यासारखा आहे. या इंजिनाचा बोअर (सिलिंडरचा व्यास) ६८.५ मि.मी., स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७२. एका सिलिंडरचे २६५ सीसी. कॉम्प्रेशन रेशो ८.७, म्हणजे वर जागा साडेचौतीस सीसीच्या आसपास. ०.३ मि.मी. खरवडून त्यातला जेमतेम एक सीसी जातो आणि ८.७ चे होतात ८.९. चाकाला ते कळतही नाही. वर व्हॉल्व्ह उघडणारा कॅम त्या मानानं खाली येऊन त्याचं टायमिंग किंचित मागं पडतं, आणि पुढं कधी इंजिन तापून हेड वाकलं तर सरळ करायला धातू उरत नाही. तुम्ही नको म्हणालात, आणि ते नको म्हटलेलं लिहूनही ठेवलंत.

चौथी ओळ: ‘टायमिंग कंपनीचं. व्हॅक्यूम डायफ्राम नवा.’ हे टायमिंग ठिणगीचं, ती वाटून देतो तो डिस्ट्रिब्युटर, आणि हलक्या पेडलवर ठिणगी लवकर पाडतो तो डायफ्राम. डिस्ट्रिब्युटरची नळी तोंडात धरून हवा ओढायची आणि भोकावर जीभ लावायची. जीभ चिकटून राहिली तर डायफ्राम शाबूत, सुटली तर फाटका. आपला फाटका होता, म्हणून हलक्या पेडलवर गाडी सुस्त. आधीच्यांनी त्यावर उपाय म्हणून आख्खा डिस्ट्रिब्युटर कानाच्या अंदाजानं पुढं फिरवून ठेवला होता, म्हणून चढावर नॉकिंग, म्हणजे इंजिनाची ठोकठोक. रोटर बोटानं फिरवून सोडला तर झटकन मागं यायला हवा, तो वाळलेल्या ग्रीसमध्ये रेंगाळत होता. वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी त्याखालची वजनं धुऊन, तेलाचा थेंब सोडून तेही काम झालं.

पाचवी ओळ वाचून अजून हसू येतं: ‘पेडल पूर्ण, बटरफ्लाय पूर्ण.’ पोऱ्याला आत बसवून पेडल तळाला दाबायला लावलंत आणि स्वतः कार्ब्युरेटरच्या तोंडात बॅटरी मारून बघितलंत. बटरफ्लाय, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, पाऊणच उघडत होता. केबल सैल, आणि पेडलखाली शोभेची जाड रबरी मॅट! जेमतेम ३७-३९ अश्वशक्तीच्या गाडीची वरची ताकद त्या मॅटखाली दबून बसली होती. केबलचे नट आवळले, मॅट कापली. याचे पैसे तुम्ही लावलेच नाहीत. एखाद्यानं यालाच ‘थ्रॉटल ट्यूनिंग’ म्हटलं असतं.

सहावी ओळ: ‘जेट एक पायरी मोठा, ई२० साठी. मूळ मापाचा काड्यापेटीत.’ ड्रिल मारलेला जेट तुम्ही फेकूनच दिलात. ड्रिलनं भोकाची आतली गुळगुळीत कड खरबरीत होते, मग त्याचं माप आणि त्यातून जाणारं पेट्रोल यांचा मेळ राहत नाही. आधी मूळ मापाचा नवा घातलात. पण पंपावर आता २० टक्के इथेनॉल येतं, आणि इथेनॉलमध्ये ऑक्सिजन मुळातच असतो. जुन्या कार्ब्युरेटरला सेन्सर नाही, त्याला हे कळत नाही, म्हणून मिश्रण सात-आठ टक्के पातळ पडतं, हवेच्या मानानं पेट्रोल कमी. भोकाचा व्यास चार टक्के वाढला की क्षेत्रफळ आठ टक्के वाढतं, म्हणून एकच पायरी. आंबा घाटात साखरप्याहून वर चढताना पूर्ण पेडलवर गाडी नेली, रुंद जागा बघून क्लच दाबला, इंजिन तिथंच बंद केलं, किल्ली लॉकपर्यंत न नेता. प्लग काढला तर फिक्या चहाचा रंग. पांढराफटक आला असता तर पातळ, काजळी आली असती तर जाड. त्याच इथेनॉलनं जुने रबर फुगतात, म्हणून पंपाचा डायफ्राम, फ्लोटची नीडल आणि पेट्रोलच्या नळ्या बदलल्यात. हे न करता नुसता जेट बदलणाऱ्यांची गाडी महिन्याभरात पुन्हा खोकायला लागते.

सातवीत प्लगची फट ०.८ मि.मी., किलोमीटर आणि सीओ (धुरातला कार्बन मोनॉक्साइड) १.४ टक्के. मिश्रणाचा स्क्रू कानानं न लावता पीयूसीच्या यंत्रावर नजर ठेवून लावलात. १९९८ च्या गाडीला मर्यादा ३ टक्क्यांची आहे, तरी तुम्ही निम्म्याहून खाली थांबलात.

आणि या सगळ्याच्या आधी, इंजिनाला हात लावण्यापूर्वी, गाडी सपाटीवर ढकलून बघितलीत. मागचं डावं चाक ब्रेकला घासत होतं. “पळवायचं मागनं बघू,” म्हणालात.

आता आंबा घाटात जिथं दुसरा टाकावा लागायचा तिथं ती तिसऱ्यावर निभावते, अॅव्हरेज परत १७ वर आहे, आवाज घरगुती. कंपनीनं दिलं होतं तेच परत मिळालं, वर फार तर चिमूटभर. ‘रेसिंग’वाल्यांना हे फिकं वाटेल. वाटू दे.

पण मेस्त्री, ताकदीपेक्षा त्या सात ओळी मनात राहिल्या. गिऱ्हाईक दुसरीकडं जाऊ नये म्हणून केलेलं काम झाकून ठेवणारे पुष्कळ. तुम्ही दुसऱ्या कुणा मेस्त्रीनं डबा उघडला तर त्याला अंधारात चाचपायला लागू नये म्हणून लिहून ठेवलंत, तेही गिऱ्हाईकाला न दाखवता. अशी माणसं प्रत्येक धंद्यात दोन-चार असतात, शिंप्यांत, कंपाउंडरांत, तलाठी कार्यालयातसुद्धा एखादा. त्यांचं नाव कुठं लागत नाही, कारण त्यांच्या हातचं पुन्हा बिघडत नाही.

झाकणावर खाली अजून दोन ओळींची जागा आहे. १०,००० किलोमीटर झाले की टॅपेट बघायला येतो. थंड इंजिनावरच मोजायचं, म्हणून आदल्या संध्याकाळीच गाडी तुमच्या दारात लावून जाईन. किल्ली पोऱ्याकडं.